आत्याचा कान

माझं उन्हातलं पहिलं पोर्ट्रेट बघून आत्या म्हणाली, "भिंतीला चुना लावत होते का गं मी?"

टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती. सकाळी ती बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसते तेव्हा तासभर तिच्या उजव्या अंगावर ऊन असतं. ते ऊन मला तैलरंगात हवं होतं. म्हणून उजव्या गालावर पांढरा रंग चढवला, कपाळावर त्याहून जास्त, आणि नाकाच्या शेंड्यावर तर थेट ट्यूबच टेकवली. ऊन म्हणजे उजेड आणि उजेड म्हणजे पांढरं, असं माझं सरळ गणित. प्रत्यक्षात कॅनव्हासवर ऊन कुठेच नव्हतं. तोंडाला काहीतरी पांढरं फासलेली आणि ते पुसायला विसरलेली एक बाई तेवढी होती.

नोकरीतून उरलेल्या वेळात मी गेली काही वर्षं व्यक्तिचित्रं करते. घरातल्या उजेडातली बरी जमतात. एका खिडकीचा मऊ उजेड, चेहऱ्याची एक बाजू सावलीत, मागे काहीतरी गडद. रेखाटन पक्कं असलं की अशा वेळी निभावून जातं, चेहरा आपोआप उठून येतो. उन्हात ही जुनी पुण्याई कामाला येत नाही.

अडचण मुळात आकड्यांची आहे, हे मला फार उशिरा कळलं. लक्स हे उजेड मोजायचं एकक. भर उन्हात उजेड १ लाख लक्सच्या घरात असतो. घरात, जिथे चित्र शेवटी भिंतीवर लागणार तिथे, दोन-तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. त्यात रंगांची मर्यादा. पांढऱ्यात पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग परत देतो, आणि काळ्यात काळाही तीन-चार टक्के देतोच. म्हणजे माझ्या हाताशी सगळं मिळून २५-३० पटींचा खेळ. समोर मात्र उन्हात लखलखणारी चष्म्याची काडी आणि खुर्चीखालचा काळोख यांच्यात हजारो पटींचा फरक. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १९व्या शतकातच यावर व्याख्यानं दिली होती. त्याचं म्हणणं असं की चित्रकाराला निसर्ग जसाच्या तसा उतरवून घेता येत नाही, त्याला त्याचं भाषांतर करावं लागतं. हे वाचून आधी बरं वाटलं, कारण दोष माझा एकटीचा नव्हता. मग वैताग आला. होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराच्या हाताशीही हाच २५-३० पटींचा खेळ होता की! त्याच्या समुद्रकाठच्या चित्रांत पोरांच्या ओल्या पाठींवर असं ऊन आहे की बघताना डोळे किलकिले होतात.

मग पांढऱ्याचं काय चुकलं? टिटॅनियम व्हाइट तसा गुणी रंग, झाकायची ताकद जबरदस्त. पण स्वभावानं थंड, म्हणजे निळसर झाकेचा. ज्या रंगात पडेल त्याला उजळ करतो आणि त्याच दमात त्याचा जीव काढून घेतो. लाल होता तो गुलाबी होतो, नारिंगी होता तो फिकट, खडूसारखा होतो. उन्हातल्या चेहऱ्यात उजेड हवाच असतो, पण त्याबरोबर धगही हवी असते, आणि ती नेमकी पांढऱ्याच्या पायाखाली चिरडली जाते.

एका रविवारी आत्याला सुट्टी दिली आणि पुठ्ठ्यावर चौकोन रंगवत बसले. दोन्हीकडे बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. पहिल्या चौकोनात त्यात नुसता पांढरा, चांगला उजळ होईपर्यंत. दुसऱ्यात मातकट पिवळा यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंजचा एक कण आणि पांढरा पहिल्याच्या निम्म्याहून कमी. डोळे बारीक करून बघितलं तर दुसरा चौकोन पहिल्यापेक्षा स्पष्टच गडद होता. तरी ऊन होतं ते दुसऱ्यात. पहिला नुसता फिकट दिसत होता, आजारी माणसाच्या तळहातासारखा. उन्हातला गाल जितका उजळ आहे असं मी धरून चालले होते त्याहून एक पायरी गडद ठेवला, तरच त्याचा रंग टिकतो आणि तो तापलेला वाटतो. चौकोन समोर होते, डोळ्यांना दिसत होतं, तरी हाताला हे पटायला दोन महिने लागले. हात सवयीनं पांढऱ्याकडेच जायचा.

फ्रेंच चित्रकार मोनेनं १८७२मध्ये रंगवलेल्या बंदरातल्या सकाळीच्या त्या प्रसिद्ध चित्रात हाच प्रकार टोकाला गेलाय. धुक्यातून वर आलेला नारिंगी सूर्य आजूबाजूच्या करड्या-निळ्या आभाळाएवढाच उजळ आहे, जास्त नाही. चित्राची कृष्णधवल प्रत काढली की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी हे दाखवून दिलं आणि त्याचं कारणही सांगितलं. आपल्या मेंदूत उजेडाचा कमी-जास्तपणा बघणारी यंत्रणा वेगळी आणि रंग बघणारी वेगळी. पहिलीला तो सूर्य दिसतच नाही, दुसरीला मात्र ठळक दिसतो. या दोघींचं एकमत होत नाही म्हणून तो जागेवर थरथरल्यासारखा वाटतो. मी लगेच फोनवर माझ्या चुना लावलेल्या आत्याचा कृष्णधवल फोटो काढला. गाल कंदिलासारखा पेटलेला! उजेडाच्या हिशेबात मी पैकीच्या पैकी मिळवले होते, रंगाचं खातं रिकामं होतं.

फोटोवरून आठवलं. सुरुवातीला मी आत्याचा फोटो काढून त्यावरूनच रंगवायचे, कारण फोटो हलत नाही, पान उलटत नाही आणि मध्येच फोनवर बोलायला उठत नाही. पण भर उन्हात कॅमेरा एक तर उजेड जाळून टाकतो, नाहीतर सावली काळी करतो. त्या काळ्यात काय काय होतं ते फोटोतून परत काढता येत नाही. आणि चित्राचं खरं काम सावलीतच होतं. म्हणून फोटो सोडला आणि इझल बाल्कनीत नेलं.

तिथे पहिल्याच आठवड्यात फजिती. उन्हात जेवढी आत्या, तेवढाच माझा कॅनव्हासही. उन्हात ठेवलेल्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग उजळच दिसतो, म्हणून मी बिनधास्त गडद गडद मिसळत गेले. चित्र काय सुंदर दिसत होतं! आत आणून भिंतीला टेकवलं तर दिवेलागणीची वेळ झालेली. आत्या अंधारात बसून वर्तमानपत्र वाचते आहे. तेव्हापासून कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत, ऊन फक्त आत्यावर. एवढी साधी गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर तीन सकाळी वाचल्या असत्या.

यानंतर मला ज्या एका गोष्टीनं खरं शिकवलं ती शंभर वर्षांहून जुनी आहे. चार्ल्स हॉथॉर्न नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १८९९मध्ये प्रॉव्हिन्सटाउनला समुद्रकाठी उघड्यावर शिकवणारी चित्रशाळा काढली. तो मॉडेलला उन्हाकडे पाठ करून बसवायचा, डोक्यावर मोठी हॅट, म्हणजे चेहरा पूर्ण सावलीत. विद्यार्थ्यांच्या हातात ब्रश नाही, लांबी भरायची पट्टी. तिनं डोळे-नाक-ओठ काढताच येत नाहीत, फक्त रंगाचे ठोकळे एकमेकांशेजारी ठेवता येतात. हॅटचा रंग, त्याशेजारी सावलीतल्या चेहऱ्याचा, त्याशेजारी खांद्यावरच्या उन्हाचा, मागच्या वाळूचा. बहुतेकांच्या चित्रांत चेहरा म्हणून चिखलाचा गोळा यायचा, म्हणून या अभ्यासचित्रांना 'मडहेड' असंच नाव पडलं.

मी लांबीची पट्टी आणली आणि आत्याच्या पलीकडे जाऊन बसले, म्हणजे ऊन तिच्या मागून, उजवीकडून. हॅट तिनं साफ नाकारली. "डोळे काढायचे नाहीत तर मग मी बसू कशाला? उशी ठेव खुर्चीवर." तिचा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता. पण पट्टीनं काम करायला लागल्यावर कळलं की आतापर्यंत मी आत्याला बघतच नव्हते. मला ती पाठ होती. नाक असं, हनुवटी तशी, चष्म्यामागचे डोळे बारीक. हे सगळं मी वर्षानुवर्षं माहीत असलेल्या आत्यावरून उतरवायचे आणि वरून ऊन शिंपडायचे, कोथिंबीर भुरभुरावी तसं. पट्टीला आत्या माहीत नव्हती. तिला फक्त एवढंच विचारता येत होतं की हा ठोकळा शेजारच्यापेक्षा गडद की उजळ, गरम की थंड.

सतरा मडहेड केले. पहिले नऊ चिखल. दहाव्यात सावलीतला गाल निळसर-जांभळा आला आणि मीच दचकले. खोडणार होते, पण पुन्हा बघितलं तर तो खरंच तसा होता. उन्हात बसलेल्या माणसाची सावली कोरी कधीच नसते. जिथे सूर्य पोचत नाही तिथे आभाळ पोचतं, आणि आभाळ निळं. खालून जमिनीचा उजेड वर येतो, तो गरम. आत्याच्या हनुवटीखाली तर तिच्या वर्तमानपत्राचा उजेड होता. तिनं पान उलटलं की हनुवटी क्षणभर विझायची आणि परत उजळायची. भर दुपारीही मोकळ्या आभाळाखालची सावली उन्हापेक्षा पाच-दहा पटींनीच अंधारी असते. घरातल्या उजेडापेक्षा ती कितीतरी उजळ. आणि मी आजवर तिथे गडद तपकिरी बर्न्ट अंबर आणि काळा ओतत आले होते! सावली पारदर्शक, रंगीत ठेवली की शेजारचं ऊन आपोआप पेटतं, त्याला पांढऱ्याचा टेकू लागत नाही.

आत्याला निळा गाल दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "कुणी मारलंय का मला?"

ती चांगल्या संगतीत आहे. मोने ज्या गटात होता त्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या १८७६च्या प्रदर्शनात रेन्वारनं झाडीतून गाळून आलेल्या उन्हातल्या एका तरुणीचं चित्र ठेवलं होतं. खांद्यावर, छातीवर उन्हाचे कवडसे, मध्ये हिरव्या-जांभळ्या सावल्या. अल्बेर वोल्फ या समीक्षकानं लिहिलं की बाईचं शरीर म्हणजे हिरवे-जांभळे डाग पडलेलं सडतं मांस नसतं, हे कुणीतरी रेन्वारला समजावून सांगा. वोल्फला आपण आज हसतो, पण मला त्याची बाजू थोडीशी कळते. माणसाच्या कातडीचा रंग कोणता, याबद्दल प्रत्येकाची समजूत पक्की असते. ती मोडली की आधी दुखापतच दिसते.

तसा माझाही एक राग आहे. रंगांच्या पेट्यांत 'फ्लेश टिंट' नावाची एक ट्यूब मिळते, फिकट गुलाबी-पिवळसर. ही नक्की कुणाची कातडी? आमच्या घरात तरी कुणाची नाही. पोर्ट्रेटची बरीच पुस्तकंही त्याच कातडीवर लिहिलेली. उन्हात गाल गुलाबी होतो, सावली हिरवट होते, वगैरे. आत्या चांगली सावळी आहे. तिच्या गालावर ऊन पडतं तेव्हा गुलाबी काही होत नाही. ऊन संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात तांब्यासारखा लाल-नारिंगी रंग पेटतो, सगळ्या चेहऱ्यात सर्वांत तीव्र. प्रत्यक्ष उन्हातला भाग त्यापेक्षा उजळ पण रंगानं उतरलेला. आणि गालाच्या हाडावर, कपाळावर जी लकाकी येते ती आभाळाची, जवळजवळ निळी. गोऱ्या कातडीवर ती हरवून जाते, सावळीवर नाण्यासारखी उठून दिसते. ही लकाकी मी दोन वर्षं पांढऱ्या-पिवळ्यानं रंगवत होते, म्हणून आत्या घामेजलेली दिसायची. गडद निळ्या अल्ट्रामरीनचा कण घातलेला करडा लावला आणि घाम गेला.

आता कान.

ऊन मागून यायला लागल्यापासून रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं आत्याचा उजवा कान पेटायचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. चार-पाच अंश सरकला की केसांची सावली कानावर येऊन तो विझायचा. तिचे कान मोठे आहेत, पाळी वयानं लोंबलेली, आणि सूर्य बरोबर मागे आला की अख्खा कान आतून दिवा लावल्यासारखा. यात जादू काही नाही. टॉर्चवर बोट ठेवलं की बोट लाल दिसतं, तेच हे. उजेड कातडीत शिरतो, आत विखुरतो, रक्त त्यातला हिरवा-निळा भाग खाऊन टाकतं आणि लाल तेवढा बाहेर पडतो. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या बाईच्या जलरंगचित्रात ज्योतीआड धरलेली बोटं अशीच आतून उजळलेली आहेत. लहानपणापासून ते चित्र छापलेलं बघत आले, पण बोटांकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते आत्याच्या कानामुळे.

चार सकाळी मी फक्त कान रंगवला. पॅलेटवरचा पांढरा आधी खरवडून टाकला, म्हणजे मोहच नको. कडेला जिथे कान पातळ, तिथे कॅडमियम ऑरेंज जवळजवळ शुद्ध. आत जाडी वाढते तसा कॅडमियम रेड, मग त्यात गडद किरमिजी अलिझरिन. कान डोक्याला चिकटतो तिथे विटकरी अंधार. पाळीवर, जिथे पूर्वी कुडी असायची त्या भोकाभोवती, रंग अचानक गडद. रंग बरोबर होते, शेजारी धरून ताडून बघितले होते. तरी कान पेटेना. लाल कान होता, बस. सर्दी झाल्यासारखा.

दोन दिवस मी कानातच अडकून होते. अजून नारिंगी, अजून लाल, शेवटी रंगांचे ढीग साचले आणि मळले. मग शेव्रल आठवला. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोब्लँच्या कापड विणायच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा मेलेला दिसत होता. त्यावरून शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात याचे नियमच त्यानं १८३९मध्ये मांडले. म्हणजे तक्रार एका रंगाची, चूक शेजाऱ्याची. मी कान सोडला आणि कानामागचे केस बघितले. आत्याचे केस पांढरे. सावलीत ते पांढरे राहत नाहीत, निळसर-हिरवट करडे होतात. मी मात्र ते पिवळसर पांढरे ठेवले होते, पिकलेले केस म्हणून. माहीत असलेली आत्या पुन्हा मध्ये आली होती. अल्ट्रामरीन आणि हिरवा व्हिरिडियन घालून थंड करडा केला, कानामागे एकाच चपट्या फटकाऱ्यात ठेवला. कानाला हात लावला नाही. तो पेटला.

मी जरा ओरडलेच असावे, कारण आत्यानं वर्तमानपत्र खाली केलं आणि तेवढ्यात कानावरचं ऊन गेलं.

त्या दिवशी तिला सोरोयाची गोष्ट सांगितली. १९०९मध्ये न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन भरलं तेव्हा महिन्याभरात दीड लाखाच्या वर लोक बघायला आले, आणि १९२०मध्ये आपल्या बागेत एक पोर्ट्रेट करत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर १९२३मध्ये जाईपर्यंत तो चित्र काढू शकला नाही. आत्या म्हणाली, "मग तू सावलीत बस की." मी सावलीतच बसते, हे तिला परत सांगितलं.

गेल्या आठवड्यापासून ऊन सरकलंय. आता त्या वेळी सूर्य कठड्याच्या खांबाआड असतो आणि कान पेटायच्या आत वर्तमानपत्र संपलेलं असतं. कान झालाय, केस झालेत, चष्म्याच्या काचेतून गालावर पडणारा तो चिमुकला झगझगीत कवडसाही बराचसा जमलाय. गाल चौथ्यांदा खरवडलाय. तिथे पुन्हा खडू आला होता.

काल आत्या पाणी घ्यायला आत आली ती चित्रापाशी थांबली. चष्मा वर केला, खाली केला. "तोंड कुणाचं आहे ते माहीत नाही," ती म्हणाली, "पण कान माझा आहे." मग उजव्या हातानं स्वतःची पाळी चाचपून बघितली आणि परत बाल्कनीत गेली.